गुडघा असता तर

तिचा गुडघा दुखत असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. गुडघा हा कसा मानाचा अवयव आहे. तो चारचौघांत दुखतो, हक्कानं खुर्ची मागतो, जिना दिसला की सुस्कारा टाकतो, आणि येणारा-जाणारा थांबून त्याची चौकशी करतो. कंबरेचंही तेच. दात, मान, खांदा, सगळ्यांना समाजात पत आहे. पण बाईचं दुखणं बेंबीच्या चार बोटं खाली सरकलं, की ते दुखणं राहत नाही. ते एकदम 'तसलं काहीतरी' होऊन बसतं.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हणच आहे आपल्यात. पिढ्यान् पिढ्या लोक या म्हणीवर पोट धरधरून हसले. त्यातल्या सासूला पुढे बरं वाटलं की नाही, हे मात्र कुणालाही विचारावंसं वाटलं नाही!

तर ही बाई. शर्ट शिवायच्या एका कारखान्यात ती कॉलरी करायची, म्हणून सगळे तिला कॉलरवाली म्हणत. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला कापड कापायचं टेबल आणि त्यामागे कटिंग मास्तर, दुसऱ्या टोकाला इस्त्र्या. मधे मशीनींची रांग. शर्ट एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जायचा. कुणी बाह्या जोडायची, कुणी खिसा बसवायची, आणि कॉलरवालीच्या हातून सुटला की तो शेजारच्या काजवालीकडे जायचा. काजवाली म्हणजे गुंड्यांसाठी काजं करणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं निर्मळ.

कॉलर हे सोपं काम नव्हे. दोन्ही टोकं अगदी सारखी यावी लागतात. आत बकरमचं कडक कापड घालून उलटी शिवायची, मग सुलटी करून टोक बाहेर काढायचं, तेही असं की कापड फाटायला नको आणि टोक बोथटही राहायला नको. तिची टोकं बघून मास्तर म्हणायचा, "बाई, डोळ्यात जाईल एखाद्याच्या." याहून मोठं कौतुक मास्तरच्या पोतडीत नव्हतं. कितीतरी वर्षं दोरे कापण्याच्या टेबलापाशी उभं राहून, मग बाह्या, मग खिसे, असं करत करत ती खिडकीजवळच्या या मशीनपर्यंत पोचली होती. हे मशीन म्हणजे तिच्या आयुष्याची कमाई होती. आणि नेमकं तेच आता हातातून जायला आलं होतं, कारण तिला बसवत नव्हतं.

धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे माणूस बसतो तिथे, आग. पोट बिघडल्यावर दुखतं तसं नव्हे, की पाळीत दुखतं तसंही नव्हे. आतून कुणीतरी निखारा ठेवल्यासारखी आग. बसलं की वाढायची, उठलं की जरा कमी व्हायची. धाकटी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जाऊन आईच्याच चुका काढायला लागली, तरी आग आपली तिथेच.

डॉक्टर झाले. पहिला म्हणाला, बाळंतपणानंतर असतंच असं. दुसरा म्हणाला, ताण घेऊ नका. तिसऱ्यानं तपासण्या करवल्या आणि हसतमुखानं सांगितलं, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, आनंदाची गोष्ट आहे." आनंदाची गोष्ट! बाईला धड बसता येत नाही आणि हा आनंद वाटतोय. एकानंही असं म्हटलं नाही की बाई, तुमचं दुखतंय हे खरं आहे, फक्त का ते मला सांगता येत नाही. एवढं म्हटलं असतं तर काय डॉक्टरकी बुडणार होती?

घरी सासूबाई होत्या. बाई वाईट नव्हती, पण हट्टी. बाईच्या पोटाला गरम शेक, यापलीकडे जगात औषध नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. संध्याकाळी सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच उकळत्या पाण्याची रबरी पिशवी घेऊन त्या हजर.

"आई, शेकानं जास्त आग होते हो."

"होऊ दे. आग होते म्हणजे आतलं निघतंय."

"काय निघतंय?"

"मला काय विचारतेस? माझ्या सासूनं शेकलं, मी शेकलं. तुझं पोट काय वेगळ्या मातीचं आहे?"

नवरा पेपरात डोकं घालून बसलेला असायचा. "तुमचं बायकांचं तुम्ही बघा," म्हणायचा. हाच माणूस घसा खवखवला की सगळं घर डोक्यावर घ्यायचा, आणि मिठाच्या पाण्याचा पेला त्याला हातात आणून द्यावा लागायचा. असो. नवरा चांगला होता असंच सगळे म्हणत, कारण तो पीत नव्हता आणि मारत नव्हता. आपली मापं एवढी लहान, त्याला तो तरी काय करणार.

बरं वाटायची वाट तिला सापडली ती न्हाणीघरात. एकदा शेकून शेकून आग इतकी वाढली, की ती आत गेली, कडी घातली आणि गार फरशीवर नुसती बसून राहिली. पाच-दहा मिनिटांत आग उतरली. गेली नाही, पण उतरली, उकळत्या दुधाखालचा गॅस कुणी बारीक करावा तशी. मग ती रोजच तसं करायला लागली. बाहेरून सासूबाई दार वाजवायच्या, धाकटी दार वाजवायची, नवरा खाकरायचा. घरातली एकमेव गार जागा, आणि तिच्यासाठी सगळे रांगेत!

फरशीनं इतकं बरं वाटतं तर बर्फानं किती वाटेल, असा हिशोब करून तिनं एकदा बर्फाचे खडे थेट कातडीलाच लावले, आणि दुखणं बधिर झालं या आनंदात बराच वेळ ठेवले. कातडी लाल झाली, मग फोड आला. आता दुखण्यावर हा फोड! सासूबाईंना मलम लावताना रागही आला होता आणि आपलं खरं झालं याचा आनंदही लपत नव्हता.

"सांगत होते की नाही? थंडीनं गर्भाशय गोठतं. हात दाखवून अवलक्षण."

तो फोड दाखवायला म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या नर्सनं तिला मागच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक बाई बसायची. वयानं बरीच लहान, केस वर बांधलेले. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "ताई, काय केलं की बरं वाटतं?"

कॉलरवाली तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत कुठे दुखतं, कधीपासून, मुलं किती, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कशानं बरं वाटतं, हे एकानंही विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"न्हाणीघराच्या फरशीवर बसलं की," ती म्हणाली.

ती बाई हसली नाही. म्हणाली, "मग तुम्हाला थंडच मानवतं. काहींना गरम मानवतं, काहींना थंड. तुमच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सारखे आवळलेले राहतात, त्यानं ही आग होते. बर्फानं हे मुळापासून जाणार नाही, त्यासाठी व्यायाम करावा लागेल. पण आग उतरेल. फक्त बर्फ कातडीला टेकवायचा नाही. मधे जाड कापड हवंच, आणि दहा-पंधरा मिनिटं झाली की काढायचा." मग तिनं औषधांच्या दुकानात मिळणारी निळी पिशवी दाखवली. आत जेल भरलेलं, फ्रीजरमध्ये ठेवली की गार होते पण दगडासारखी कडक होत नाही.

कापड म्हटल्यावर कॉलरवालीचं डोकं चालू लागलं. कापड हा तिचा प्रांत! तिनं दुहेरी फ्लॅनेलचं कव्हर शिवलं, कडेनं पायपिंग घातलं, आणि तोंडाला झाकण दिलं ते चक्क कॉलरच्या आकाराचं, दोन्ही टोकं धारदार. कुणी बघणार नव्हतं. पण हाताला सवय असते, तो काय करणार.

घरी ठीक होतं. प्रश्न होता कारखान्याचा, कारण खरी आग तिथेच, मशीनवर बसून. सारखी उठते म्हणून मास्तरनं दोनदा बजावलंच होतं, "बाई, असंच चाललं तर मालक मशीन दुसरीला देतील. मग दोरे कापायला उभं राहावं लागेल." दोरे कापायला! जिथून सुरुवात केली तिथेच परत.

कारखान्यात फ्रीज एकच, मालकाच्या केबिनबाहेर. त्यात गिऱ्हाइकांसाठी थंड पेयं असायची आणि वर फ्रीजरमध्ये मालकाची स्वतःची निळी पिशवी. हो, मालकालाही दुखणं होतं. गुडघ्याचं. त्या गुडघ्याची बातमी सगळ्या कारखान्याला रोज मिळायची. आज सूज आहे, आज जरा उतार आहे, आज जिना चढवला नाही. मालक केबिनचं दार उघडं टाकून स्टुलावर पाय पसरायचा, गुडघ्यावर पिशवी ठेवायचा, आणि इस्त्रीवाल्यापासून हिशेबनिसापर्यंत सगळे दारात डोकावून विचारायचे, "कसं आहे साहेब आता?"

कॉलरवालीनं मास्तरला विचारलं, माझी पण एक पिशवी फ्रीजरमध्ये ठेवू का?

"कशासाठी?"

"कंबरेसाठी," ती म्हणाली. कंबर हा सभ्य अवयव आहे, म्हणून.

"कंबर होय? माझी पण धरते कधीकधी. ठेवा की."

काम झालं. ती पिशवी आणून खुर्चीवर ठेवायची, पंधरा मिनिटं बसायची, परत नेऊन ठेवायची. उठणं कमी झालं, कॉलरी वाढल्या. काजवालीनं एक दिवस बारीक डोळे करून विचारलं, "ताई, कंबरेचा बर्फ म्हणता, आणि त्यावर बसता कशा हो?"

"कंबर खाली घसरलीय माझी," कॉलरवाली म्हणाली. दोघी हसल्या. काजवालीनं पुढे काही विचारलं नाही.

मग तो दिवस आला. एका शाळेचे गणवेश संध्याकाळी जायचे होते, टेम्पो सांगून ठेवलेला. मालक सकाळपासून लंगडत येरझाऱ्या घालत होता आणि त्याची पिशवी नेमकी घरी राहिली होती. हे त्यालाही आठवत नव्हतं. "मास्तर, माझी पिशवी आणा!" तो केबिनमधून ओरडला.

मास्तरनं फ्रीजर उघडला. आत एकच पिशवी, आणि तिला सुरेख फ्लॅनेलचं कव्हर. मास्तर शिवणकामातला माणूस. पायपिंग बघितलं, झाकणाची टोकं बघितली, आणि त्याच्या मनात जराही शंका आली नाही. बाईची स्वतःची पिशवी तिच्या खुर्चीवर असेल, आणि कारखान्यात एवढं निगुतीनं शिवलेलं कव्हर, ते मालकासाठीच असणार! स्वतःसाठी कोण मरायला एवढं शिवतं? त्यानं पिशवी नेऊन दोन्ही हातांनी मालकाच्या गुडघ्यावर ठेवली.

कॉलरवाली पिशवी आणायची वेळ झाली म्हणून उठली तेव्हा केबिनच्या दारात हा दरबार भरलेला. मालकानं डोळे मिटले होते.

"वा! कापडात घातली की गारवा कसा हळूहळू लागतो. टॉवेलात ही मजा नाही. कुणी शिवलं हे?"

"कॉलरवालीनं, साहेब," मास्तर अभिमानानं म्हणाला. "टोकं बघा की."

"बाई, कमाल केलीत." मालकानं डोळे उघडून कव्हरवरून हात फिरवला, मग पिशवी उचलून तिची खालची बाजू गालालाही लावून बघितली. "आमच्या दुखण्याची एवढी काळजी!"

गप्प बसता आलं असतं तिला. मालक खूश, मास्तर खूश. पण खाली आग सुरू झाली होती, कॉलरींचा ढीग पडला होता, आणि तिची पिशवी त्या माणसाच्या गालावर होती.

"साहेब, ती माझी आहे," ती म्हणाली. "मला लागते."

"तुमचाही गुडघा?"

"कंबर, कंबर," मास्तरनं घाईनं सांगितलं. त्यानं तिला वाट काढून दिली होती, हे कबूल करायला हवं. तिनं मान हलवायचा अवकाश होता. पण समोर तो स्टुलावर पसरलेला पाय होता, भोवती चौकशी करणारी पाच तोंडं होती, आणि तिला एकदम त्या कंबरेची शिसारी आली. काय चोरी केली होती तिनं?

"कंबर नाही," ती म्हणाली. "ओटीपोटाच्या खाली दुखतं. बसायच्या जागी. धाकटीच्या बाळंतपणापासून. त्या पिशवीवर मी बसते."

इस्त्रीवाला आपल्या चपलांकडे बघू लागला. हिशेबनीस निघूनच गेला. आणि मालकानं काय करावं? त्यानं पिशवी विंचू झटकावा तशी फेकली. ती दारातून बाहेर येऊन चिंध्यांच्या टोपलीत पडली. मग खिशातून रुमाल काढून आधी गाल पुसला, मग गुडघा पुसला, घासून घासून पुसला.

"शी! लाज नाही वाटत? जिथे आम्ही थंड पेयं ठेवतो तिथे हे असलं? उद्यापासून मशीन सोडा. दोरे कापायला उभ्या राहा, म्हणजे बसायचा प्रश्नच नको."

तीच पिशवी. दोन मिनिटांपूर्वी गालाला लावली होती त्यानं. रोज धुतलेलं कव्हर, त्याच्या रुमालापेक्षा शंभरपट स्वच्छ. पण आता ती घाण झाली, कारण बाईचं कुठे दुखतं हे त्याला कळलं. दुखण्यानं कुणी विटाळत नाही हो, पण हे सांगायचं कुणाला?

कॉलरवाली जागेवर गेली, सुईखालची कॉलर पूर्ण केली, दोरा कापला, मशीनवर कव्हर घातलं आणि शेजारी उभी राहिली. दोरे कापायची छोटी कात्री तिनं हातात घेतली होती.

कुणी संप वगैरे केला नाही. घोषणा झाल्या नाहीत. झालं इतकंच, की काजवालीकडचे शर्ट संपले. तिनं मशीन थांबवलं. गुंड्या लावणारी थांबली. इस्त्र्या गार पडल्या. आणि कॉलरवालीच्या मशीनपाशी बिनकॉलरीच्या शर्टांचा ढीग गळे उघडे टाकून पडून राहिला.

मालक लंगडत बाहेर आला. "काय चाललंय? काजं का थांबली?"

"कॉलर नसलेल्या शर्टाला गळ्याचं काज कुठे करू साहेब?" काजवाली म्हणाली. "कपाळाला?"

"मास्तर, दुसरीला बसवा कॉलरीवर."

मास्तरनं दुसरीला बसवलं. तिनं एक कॉलर केली. मास्तरनं ती उचलून बघितली, एक टोक चोचीसारखं आणि एक अंगठ्यासारखं, आणि मालकाच्या हातात दिली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

मालकानं बराच वेळ ती कॉलर हातात फिरवली. मग कॉलरवालीकडे न बघता म्हणाला, "बरं, आजचा दिवस बसा मशीनवर."

"बर्फाशिवाय मला बसता येत नाही, साहेब. आणि बसल्याशिवाय कॉलर होत नाही."

"मग घ्या ती पिशवी. ठेवा फ्रीजमध्ये. रोज ठेवा. मी काही म्हणणार नाही."

"मी नाही टाकली ती."

मालकानं मास्तरकडे बघितलं. मास्तर टोपलीकडे निघाला.

"मास्तरांनीही नाही टाकली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं मी हे दुखणं चोरासारखं वागवलं. डॉक्टरांना सांगताना मान खाली, घरी सांगताना मान खाली, मास्तरांशी खोटं बोलले. तुमचा गुडघा रोज दारं उघडी टाकून दुखतो. आम्ही रोज विचारतो, कसा आहे. एक दिवस तरी शी म्हटलं का आम्ही?"

एकही मशीन चालत नव्हतं, त्यामुळे हे शेवटच्या इस्त्रीपर्यंत ऐकू गेलं. हॉर्न पुन्हा वाजला. मालकाचे कान लाल झाले होते. तो लंगडत टोपलीपाशी गेला, गुडघा वाकेना म्हणून कण्हत खाली झुकला, आणि चिंध्यांतून ती पिशवी वर काढली. नखांनी, एका कोपऱ्याला धरून, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी.

"दोन बोटांनी नाही, साहेब," कॉलरवाली म्हणाली. "मघाशी गालाला लावली होती, तशी धरा."

मालक थांबला. सगळ्या रांगेकडे त्यानं एकदा बघितलं. मग दुसरा हात पिशवीखाली घातला, पूर्ण तळव्यानं ती धरली, आणि लंगडत फ्रीजरपर्यंत नेऊन ठेवली.

"गार व्हायला वेळ लागेल," ती म्हणाली. "तोवर उभ्यानं टोकं काढते."